हजार भोकांचा पत्रा

दुपारी चारला एर्मिंडा लुसेरो डोंगरावर येते,
बूट झटकते, हात धुते दोनदा साबणाने,
आणि अ‍ॅल्युमिनियमचा गोल पत्रा पुढ्यात ओढते.
त्याला हजार भोकं. मोजून.
बहुतेक भोकांच्या नावे एकेक दीर्घिका,
आज रात्री उगवायची आहे ती.

काम तसं शिवणारणीचं.
काचेची तार घ्यायची, केसाहून जराशी जाड,
नेढ्यात ओवावी तशी भोकात सरकवायची,
टक् वाजलं की पुढची.
कुठली तार कुठे गेली ते यंत्र नंतर शोधतं,
आपण फक्त
एकही भोक उपाशी ठेवायचं नाही.
शाळेची बस चालवायची तेव्हाही
ती पोरं अशीच मोजायची, चढताना,
आणि उतरताना पुन्हा.

समोरच्या टेबलावर टाडेउश,
क्राकूव्हचा, तिशीतच पाठ धरलेला.
तो सांगतो: सगळं एकमेकांपासून लांब चाललंय, हे जुनंच.
पण चढावर गाडी दमते तसं
त्यानं दमायला हवं होतं ना?
दमत नाही. उलट वेग घेतंय.

"ढकलतंय कोण?"
"नाव ठेवलंय आम्ही. कृष्णऊर्जा."
"म्हणजे काय?"
तो तारेचं टोक पुसत राहतो.

नाव ठेवलंय,
आणि नावं ठेवण्यापलीकडे
अजून कुणाला काही जमलेलं नाही.

तारे नव्हते तेव्हा, तो म्हणतो,
तापल्या धुक्यातून एक नाद पसरत गेला.
धुकं निवळलं आणि नाद
होता तिथेच थिजला.
त्याच्या काठाशी दीर्घिका अजूनही
किंचित जास्त दाटतात.
किंचितच. म्हणून लाखो मोजायच्या,
म्हणून हे पत्रे, म्हणून तुझी बोटं.

मग निळ्या टिंबांची भोकं येतात. ऐंशीएक.
यांच्यामागे काय?
काहीच नाही. रिकामं आकाश.
तेही मोजावं लागतं,
नाहीतर उजेडातून वजा काय करणार?

एर्मिंडा थांबते.
घरी एउसेबिओची खुर्ची आहे,
ती तिनं कुणाला दिली नाही, तिच्यावर बसतही नाही.
याबद्दल ती काही बोलत नाही.
फक्त निळ्या टिंबांशी तिचा हात
त्या दिवसापासून हळू झाला.

रात्री घुमट उघडतो. पाइनचा वास आत येतो,
खाली पांढऱ्या वाळूचं मैदान, चंद्र असला तर दुधाळ,
आणि कठड्यावर ठिपकेवाले लालचुटूक किडे,
इतके, की झाडूनं लोटावे लागतात.
पसारा, ती पुटपुटते.
आवरावा तेवढा वाढतो.
टाडेउश हसतो: हे आमच्या निबंधात घालू का?

पुढे यंत्राचे हात आले.
पाच हजार तारा, मिनिट-दोन मिनिटांत, न थकता.
कुणी रडलं नाही. केक कापला.
जुने पत्रे ज्याला हवे त्यांनी न्यावेत, असं ठरलं;
कुणी त्याचं टेबल केलं, कुणी भिंतीवरचं घड्याळ.
एर्मिंडानं तिचा नेला चेरीच्या बागेत,
पाखरं बुजावीत म्हणून टांगला दोन फांद्यांमध्ये.
पाखरं बुजली नाहीत.

पण दुपारी त्याच्या सावलीत
हजार कवडसे पडतात,
आणि प्रत्येक कवडसा म्हणजे सूर्यच,
पुरा, गोल, नखाएवढा.
ऊन उतरतं तसे ते लांबट होतात,
एकमेकांपासून सरकतात,
कुंपण ओलांडून शेजारच्या मक्यात जातात.

तिनं खुर्ची आणली आहे घरातून. हो, तीच.
शेवटचा कवडसा पायाखालून निघाला
की ती खुर्ची थोडी मागे घेते.
पुन्हा थोडी.
मागे अजून पुष्कळ जागा आहे.