पार्लर आवरताना उरलेलं

शटर ओढलं त्याला आता सव्वा वर्ष झालं.
हेअरडायनं माझीच बोटं सोलून काढली.
डॉक्टर म्हणाले, ताई, हात हवेत की धंदा?
दौलत म्हणाला, हात.
मी काहीच म्हणाले नाही.

खुर्च्या त्रिमूर्ती चौकातल्या एका नव्या पोरीनं नेल्या,
आरसा नेला, बोर्डसुद्धा नेला,
पाठच्या कोऱ्या बाजूवर तिचं नाव लिहायला.
माझ्या वाटणीला एक खोकं.
पलंगाखाली सरकवलं तरी कोपरा बाहेरच.
सहा महिने मी झाडू त्याला वळसा घालून मारला.

मग एका सकाळी दौलतच्या बॅगेची चेन अडली.
पहिली शिफ्ट, अंबडची बस खाली हॉर्न देतेय,
आणि माझा हात माझ्याआधी खोक्यात गेला.
लिप बाम, चेनच्या दातांवरून दोनदा.
सर्र.
तो गेला. मी तिथंच फरशीवर बसले
एकेक झाकण हुंगत.

पावडर कॅरमला.
मस्काऱ्याचा ब्रश कोमट पाण्यात धुतला, आता तो
शिलाई मशीनच्या दातऱ्यांतली कापसाची लव काढतो,
पापण्यांपेक्षा जास्त धीरानं.
सगळंच जमलं असं नाही.
फेसपॅक मोगऱ्याला घातला, मोगरा रुसला तो रुसलाच.
रिमूव्हरनं रेशनकार्डावरचा डाग काढायला गेले
तर डाग राहिला, आडनाव गेलं.

बाथरूमचं दार घासायचं. कुठं, ते कळेना.
मरून लिपस्टिक दाराच्या कडेला फासली,
दार लावलं, उघडलं,
चौकटीवर एक ओठ उमटला.
दौलतनं तिथंच रंधा मारला आणि म्हणाला,
कंपनीत आम्ही याला निळं लावतो.
म्हटलं, तुमच्या कंपनीत नवरी मुलगी कुठं येते!
त्या दिवशी बऱ्याच दिवसांनी हसलो.

रंगपंचमीला शनी चौकातली रहाड उघडली.
वर्षभर पायांखाली झाकून ठेवलेला हौद,
आणि रंग असा की चार दिवस कातडी सोडत नाही.
कोल्ड क्रीमच्या दोन बरण्या होत्या, तारखेला अजून महिना होता.
गल्लीतली पोरं ओळीनं उभी केली.
माझ्या हातांत मोजे, पण बोटांना सगळं पाठ:
हनुवटीकडून कानाकडे, कपाळावर मधून बाहेर,
मानेवर खालून वर, खालून वर...
वेदू ओरडला, मावशी, फेशियल नको, धप्पा मारायचाय!

शेवटी उरली नेलपेंटची एक बाटली, डाळिंबी.
ती आहेरबाईंच्या घरी घेऊन गेले.
वीस वर्षं महिन्याच्या पहिल्या गुरुवारी यायच्या.
भुवया फार बारीक नको गं, वर्गात धाक राहत नाही.
आता त्यांना समोरच्या माणसाच्या कडा दिसतात, चेहरा नाही.
गॅसचं बटण कुठवर फिरलं ते तर नाहीच.
परवा दूध करपलं, त्याआधी परकराचा काठ.

ओट्याशी वाकून मी ठिपका दिला.
वाळू दिला. त्यावर दुसरा, मग तिसरा,
बोटाला लागेल इतका उंच होईपर्यंत.
मंद आचेला एक ठिपका, मोठीला दोन, बंदला आडवी रेघ.
हात थरथरला नाही. कुणाच्या करंगळीवरही
एवढी सरळ रेघ मी कधी ओढली नसेल.

रंग कुठला लावलास?
तुमच्या निरोप समारंभाला लावला होता, तोच.
अगंबाई, म्हणाल्या, तो तर फार भडक,
आणि लगेच नखानं ठिपका शोधायला लागल्या.
थांबा, ओला आहे अजून.

तशा त्या थांबल्या.
ओट्यापासून एक पाऊल मागे,
रिकाम्या नखांची दहाही बोटं हवेत पसरून,
सवयीनं,
वाळायची वाट बघत.