नववं प्रकरण

एकच प्रत होती,
तालुक्याच्या वाचनालयानं रद्दीत काढलेली,
शेवटच्या कोऱ्या पानावर कुणाचा तरी दुधाचा हिशेब.
आणि वर्गात एकोणीस मुलं.
मी ब्लेड घेतलं आणि कादंबरी कापली,
शिवणीच्या कडेनं, हळू.
मुलं अशी बघत होती
जशी बाई कोंबडीच कापूलेत.
"पाप लागतंय की ओ बाई," मष्णू म्हणाला.
लागू दे म्हटलं, अकरा तुकडे झाले.
नऊ बाकांना नऊ, पहिला आणि शेवटचा माझ्याकडे.

गोष्ट साधीच. नावाड्याचा पोरगा.
टपालवाला तापानं जातो, पिशवी नावेत राहते,
पोरगा गावोगाव पत्रं पोचवत सुटतो.
पण सहाव्या बाकाला धीर नव्हता,
त्यांनी आधी सांगून टाकलं,
म्हणून टपालवाला सोमवारी मेला
आणि बुधवारी दुसऱ्या बाकावर
विडी मागत परत आला.
कुणाला त्याचं काही वाटलं नाही.

रेणुकाचा बाप खानापूरला कौलांच्या कारखान्यात.
तिनं पोत्यातून माती आणली,
व्हरांड्यात आम्ही नदी केली,
कपड्यांची नीळ कालवून पाणी.
दुपारच्या सुट्टीत आचारीणबाईंची कोंबडी
ओल्या काठावरून चालत गेली.
पुसायचं नाही, तौफिक म्हणाला,
ती पायवाट आहे,
पोरगा तिथनंच वर चढतो.

मग नववं प्रकरण हरवलं.
मष्णूनं ते घरी नेलं होतं, काकूनं चूल पेटवली त्यानं.
तीन दिवस तो दाराच्या चौकटीला टेकून उभा,
आत येईना, घरी जाईना.
मी ते लहानपणी निपाणीत वाचलेलं,
आठवत होतं एवढंच:
पलीकडचा काठ, आणि एक कंदील.
बस्स. त्यावर लिहा म्हटलं.

"कंदील आज्जीचा," रेणुका म्हणाली,
"आणि पलीकडची आज्जी कन्नडच बोलणार.
माझी बोलते."
कलमेश उठला, "पुस्तक मराठी हाय की."
"पुस्तक हाय. नदी कुठं हाय?"

मी खडू धरून उभी.
माझे वडील सीमेसाठी हिंडलग्याच्या तुरुंगात
एकवीस दिवस राहून आलेले.
त्यांची टोपी अजून आमच्या खुंटीला,
दर दसऱ्याला आई ती धुते.
बाहेर बिडीची बस येऊन थांबली,
कंडक्टरनं दोन्ही भाषांत शिवी दिली,
आणि बस गेली.
मुलं माझ्याकडे बघत होती.
लिही, म्हटलं.

तिनं फळ्यावर लिहिलं, कन्नड अक्षरांत, गोल गोल:
यारप्पा नी? ऊटा आतेन?
कोण रे बाबा तू? जेवलास का?
कन्नडच्या तासाला ओळीओळीला अडखळणारा मष्णू
दारातनं आत आला,
बसला, आणि न चुकता उतरवून घेतलं.
पोरगा काय उत्तर देतो, यावर दोन दिवस भांडण झालं.
शेवटी तो काहीच बोलत नाही,
पिशवी खाली ठेवतो
आणि हात धुतो.

मी पुस्तक पुन्हा शिवलं,
गोधडीच्या सुईनं, पांढऱ्या दोऱ्यानं.
मधोमध वहीची रेघी पानं,
बाकीच्यांपेक्षा बोटभर बाहेर आलेली.

मार्चात भावानं कोल्हापुरातनं नवी प्रत पाठवली.
रात्री जेवणं झाल्यावर नववं काढलं.
पोरगा देवळात झोपतो. अंगात कणकण. सकाळी उठून चालू लागतो.
साडेतीन पानं.
कंदील नाही. पलीकडचा काठही नाही.
मग मला आठवत होतं ते कुठलं?

नवी प्रत कपाटात, हजेरीपटांखाली ठेवलीय.
परवा सातवीचा निकाल घ्यायला मष्णू आला,
उंच झालाय, आवाज फुटलाय.
जाता जाता चौकटीला टेकला, तसाच.
"बाई, खरं काय होतं ओ नवव्यात?"

जेवला, म्हटलं.
पोटभर जेवला.