बस चुकलेला बाजा

लोंढ्याची बस निघून गेली म्हणून
लग्न आटपून आलेले चौघे
खानापूरच्या बाजारात चिंचेखाली बसले,
अंगात अजून लाल कोट, जरीची मळकी पट्टी.

मी करवंदांचा भाव करत होते.
देवकूबाई म्हणाली, दहाला वाटी, मोजून घे की गे.

तेवढ्यात इराप्पा भजंत्र्यानं
क्लॅरिनेट तोंडाला लावलं
आणि नुसता वारा आला.
उन्हानं पत्ती वाळलेली.
"नीर," म्हणाला, कुणाला असं नाही.
कोथिंबिरीवर शिंपडायचा तांब्या
देवकूबाईनं तसाच पुढं केला.

मग वाजलं.
आधी वरातीतलं, घाईघाईचं,
मग कुठलं ते कळेना,
संथ, खालच्या अंगाचं,
हाताला तेल चोळून
फणसापुढं बसावं कुणी, तसं.
हलगीवाला पोरगा झोपेतच बोटं हलवू लागला.
मिरचीवाल्याचा काटा अधांतरी,
तरी गिऱ्हाईक ओरडेना.
पारिश्वाडची म्हातारी "एष्टु?" विचारत होती,
तिचं बोट आंब्यावर टेकलं ते टेकलंच.

देवकूबाई वाट्या ओततच राहिली माझ्या पिशवीत.
चार झाल्या. पाच.
मी बोलले नाही.

बस आली.
सूर मध्येच मोडून चौघे धावले,
ढोल टपावर चढला,
धूळ बसायला वेळ लागला.

देवकूबाईनं पाटी बघितली, मग मला.
"किती झाल्या गे? मी मोजल्या नाहीत."

मी मोजल्या होत्या.
तीस दिले.

घरी येईस्तोवर
पिशवीचं बूड जांभळं झालं होतं,
आणि हातही.