वणी, पण ती नव्हे

"कुठली गं तू?"
"वणी."
"अय्या, सप्तशृंगी!"

पहिल्या आठवड्यात अकरा जणांना समजावलं :
ती नाशिककडची. माझी यवतमाळची.
माझ्या वणीला गड नाही, उलट खड्डे आहेत,
इतके खोल, की तळाशी चाललेला बाबांचा डंपर
वरून काडेपेटीएवढा दिसतो.
बाराव्या मुलाला म्हटलं, हो, सप्तशृंगी.
त्याला बरं वाटलं.
येताना प्रसाद आण म्हणाला.

नव्या पेठेत, झेरॉक्सच्या दुकानावर,
चार कॉटच्या खोलीत माझी कॉट दारालगतची.
रात्री जी उठेल तिचा पाय माझ्या चपलेवर.
भिंतीवर मालकीणबाईंच्या सतरा सूचना.
अकरावी : खिडकीतून बोलू नये.
कुणाशी, ते लिहिलेलं नाही.
खाली मशीन दिवसभर कुणाच्या तरी नोट्सच्या
कुणासाठी तरी प्रती काढतं
आणि माझी लादी कोमट राहते.
हिवाळ्यात बरं पडेल, निशिगंधा म्हणाली.
ती जतची. तिला सगळ्यातलं बरं दिसतं.

भाजीवाल्याला सांभार मागितला.
तो म्हणाला, हॉटेलात बघा.
मागच्या बाई हसल्या; तशा वाईट नव्हत्या.
मग बोटानं दाखवलं. कोथिंबीर. हो, तीच.
आलू नाही, बटाटा. फल्ली नाही, शेंगदाणे.
आधी पेन्सिलनं लिहून वर पेन फिरवावं
तसं बोलते आता. वेळ लागतो.
तोवर पुढचं गिऱ्हाईक पैसे देऊन गेलेलं असतं.

"उरकुडे, लक्ष कुठाय?"
"मॅडम, मी ऐकून राहिली."
वर्ग हसला.
त्या दिवसापासून मी ऐकते आहे. फक्त ऐकते आहे.

दिवाळीहून येताना टेंबे मॅडमनी
आपापल्या गावचा एकेक दगड आणायला सांगितला.
टेबलावर सासवडचा काळा, वाईचा काळा,
नगरचा काळा, जतचा काळा,
सावंतवाडीच्या मुलाचा तेवढा लाल जांभा,
टेबलभर भुकटी सांडत.

माझा आईच्या जुन्या परकराच्या फडक्यात.
बाबांनी शिफ्ट संपल्यावर वाकून उचललेला.
"पान हाय त्याच्यात. मोडू नको बा गाडीत."
अकरा तास मांडीवर आणला.

मॅडमनी चष्मा काढला, भिंग घेतलं,
बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.
मग म्हणाल्या, ग्लॉसोप्टेरिस.
ग्लॉसा म्हणजे जीभ. पान जिभेसारखं, म्हणून.
पंचवीस कोटी वर्षं तरी.
याच्यापुढे आपला हा सगळा बेसाल्ट
काल सकाळचा.

"कुठं मिळालं?"
"वणी."
मागून कुणीतरी, "सप्तशृंगी?"
"नाही, ती नव्हे.
आमच्याकडे निघून राहतात असे. बाबांना दिसतात."

कुणी हसलं असेल, नसेलही.
मी भिंगातून बघत होते.
मधली शीर स्पष्ट होती,
टोकाशी थोडी तुटलेली.

असं नाही की त्यानंतर सगळं सोपं झालं.
मेसच्या आमटीत गूळ असतोच.
आईला सांगते, पोटभर जेवली.
रविवारी दुपारी खालचं मशीन बंद असतं
तेव्हा खोली फार मोठी वाटते.

फक्त परवा निशिगंधा फोनवर म्हणाली,
"अगं आई, झोपून राहिले होते,"
आणि पलीकडून तिची आई, "काय? कुठं राहिलीस?"
आम्ही दोघी उशीत तोंड खुपसून.

रात्री बाबांचा फोन.
"तिकडं गोटा कसा हाय?"
"काळाच आहे, बाबा. डोंगरच्या डोंगर काळे."
"कोळसा?"
"नाही बाबा. हा जळत नाही."
थोडा वेळ फक्त डंपरचा आवाज.
"मग काय करतेत त्याचं?"

सांगायला बसले.
सूचना क्रमांक नऊ : दहानंतर फोन नको.
साडेअकरा झाले होते,
आणि मी खिडकीशी उभी राहून
बोलून राहिली होती.