एक घर मागे

यावलच्या पंचायत समितीत
आस्थापनेचं टेबल वाट्याला आलं,
तेव्हा भिंतीवर टाचणीने लावलेलं वेतनकोष्टक
मला आधी पंचांगच वाटलं.
आडवे स्तर. उभी घरं.
दर जुलैत माणूस एक घर खाली उतरतो
आणि पगार वर चढतो.
हे डोक्यात शिरायला आख्खा मे महिना गेला,
कूलरचा वाळा सुकून काड्या झालेला.
शेवटी बोअरवर काम करणाऱ्या मामानेच सोडवलं,
भरिताचा घास हातात तसाच ठेवून:
"खाली जाशीन तवाच भेटीन ना काही, पोरी."

माझ्या भावालाही पुण्यात एक बँड आहे.
पत्रात अट आहे, कुणाला सांगायचा नाही.
बायकोलासुद्धा त्याने गोल आकडा सांगितलाय.
आमचं तसं नाही.
आमचा साहेब किती घेतो
ते केळीचा घड उतरवायला आलेलं पोरगंही
भिंतीवर बोट ठेवून सांगेल.

गुलशेर तडवी, शिपाई,
रोज त्या कागदासमोर जरा थांबायचा.
चहाचा ट्रे डाव्या हातात,
उजव्याने घरं मोजायचा.
मार्चएंडला, साहेब जळगावला गेलेले असताना, म्हणाला,
"ताई, मी अन् नेहेते एकाच आर्डरीतले.
नाव बी माझंच वर होतं.
मंग तो सोळा वर्सं झाली,
एक घर पुढं कसा?"

मी दोन्ही सेवापुस्तकं काढली.
पहिल्या पानावर पाचही बोटांचे ठसे.
ओळखीची खूण: उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग.
नेहेते रुजू: १ जानेवारी २००८, मध्यान्हपूर्व.
तडवी रुजू: ३ जानेवारी २००८, मध्यान्हपूर्व.

नियम सोपा आहे. लिहिलेलाच आहे.
एक जुलैला सहा महिने पुरे भरले पाहिजेत.
नेहेत्यांचे भरले.
याचे दोन दिवसांनी कमी पडले,
म्हणून पहिली वाढ पुढच्या जुलैत.
मग सातवा वेतन आयोग आला, नवी निश्चिती झाली,
दहा वर्षांनी दोघांनाही वरचा स्तर मिळाला,
कोष्टकातली अख्खी रांग बदलली,
पण ते एक घर
दोघांच्या मधे बसून राहिलं
एसटीत रुमाल टाकून धरलेल्या जागेसारखं.

"दोन दिवस कुठे होतात?" मी विचारलं.
आवाज थोडा चढलाच माझा,
जणू अजूनही हजेरीपट माझ्याच हातात होता.

"भट्टीवर.
दोन रोजाची मजुरी बाकी होती,
सत्तर रुपये रोज.
शेठ बोलला, भट्टी खाली कर, मंग हिशोब घे.
एकशे चाळीस रुपये सोडून
कसं यायचं, ताई?"

मी कॅल्क्युलेटर ओढला.
आजचा फरक सातशे. आधी कमी होता, तो वर्षवार.
त्यावर महागाई भत्ता.
त्यावर घरभाडं, यावलच्या दराने.
निवृत्तीला अजून नऊ वर्षं, तीही धरली.
दोनदा चुकले, दोनदा पुसलं.
बाहेर नेहेते कुणाला तरी ओरडत होते
की जन्मदाखल्याची खिडकी पलीकडे आहे.

आकडा आला तेव्हा मी बोलले नाही,
फक्त पडदा त्याच्याकडे वळवला.
त्याने डोळे बारीक करून,
एकेका अंकावर मान हलवत, तो पूर्ण वाचला.
मग ट्रे उचलला.
दारापर्यंत गेला. परत आला.

"ताई, यातून ते एकशे चाळीस वजा करा.
ते भेटले होते मला."

मी वजा केले.