तस्कर

मांजरीच्या नर्सरीत, शेणखताच्या ढिगात
फावडं अडलं. सात अंडी,
एकमेकांना चिकटलेली, लांबट.
कवच कसलं, ओल्या कागदासारखं कातडं.
"घोणशीची आहेत, जाळा," थिटे मुकादम म्हणाले.

रुबिना शिकलगार स्कूटीवरून आली,
लॅबचा पांढरा कोट डिकीत कोंबलेला.
"घोणस पिल्लंच देते, अंडी नाही," एवढंच म्हणाली
आणि माझ्या कानामागची पेन्सिल मागून घेतली.

प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर एक बारीक फुली.
"वरची बाजू वरच राहू द्यायची.
कोंबडी आपली अंडी दिवसभर उलटीपालटी करते.
हे उलटलं, की आतला जीव बुडतो."

बारा वर्षं मी रोपांच्या पिशव्या मोजतेय, फेकतेय, झेलतेय.
त्या दिवशी डबा धरताना
मनगट दुखेपर्यंत सरळ ठेवलं.

आई केव्हाच निघून गेलेली.
पण मी तिला पाहिलं होतं, पंपाच्या मागे, फेब्रुवारीत:
पुढे चौकटी, मागे पट्टे,
विणता विणता कुणी मध्येच नमुना बदलावा तशी.
मान उभी, वेटोळलेली,
शेपटी वाळक्या पानांवर थरथरवत.
विष थेंबभर नाही,
नाटक मात्र पुरतं.

तस्कर म्हणतात तिला.
चोरलं काय तिनं?
आमचं झेंडूचं बी चोरणारे उंदीर.

श्रीखंडाचा डबा, ओला कोकोपीट, झाकणाला भोकं.
वनखात्याला कळवलेलं.
रुबिनाचे मेसेज यायचे, कधी रात्री अकरालाही:
आज डब्याला घाम आलाय.
आज एक जरा खपाटीला गेलंय.
बासष्टाव्या दिवशी फोटो:
फुलीशेजारी चीर,
चिरेत नाकाचं टोक,
बाहेर यायची कसली म्हणून घाई नाही.
"दिवसभर असंच बघत बसतात. आवडलं, तर येतात."

सहा आली.

कालव्याच्या काठी, घाणेरीच्या जाळीत सोडली.
शेवटच्यानं जाता जाता मान उभारली,
वेटोळं केलं, रबरबँडएवढं,
आणि रुबिनाच्या अंगठ्यावर झेपावलं.
शेपटीही थरथरत होती,
खाली वाळकं पान नसताना.
हे त्याला कोणी शिकवलं?
तिला विचारलं तर हसली,
अंगठा चोखत.

सातवं उमललंच नाही.
ते मी परत ढिगात ठेवलं, मूठभर खत सारून,
फुली वर ठेवून.