अकरा वेढे

लेक चार्ल्स, लुइझियाना. ऑगस्ट.
बरणीतल्या मिठालाही दुपारी पाणी सुटतं.

क्लोव्हिस काकाची गिटार घेऊन आला.
म्हणाला, आवाज लांबून येतो,
शेजारच्या घरात कुणी वाजवतंय
आणि खिडकी बंद आहे, तसा.
"कधीकधी येतो नीट. कोरडं ऊन पडलं की."

एल्मीर आधी संशय घेते तो बाहेरच्यांवर:
जॅक, खटका, सुटलेली वायर.
ते सगळे निर्दोष निघाले, मग तिने मीटर लावला.
सहा हजार ओम यायला हवे होते.
आकडा थरथरला, सहा, चार, पुन्हा सहा,
आणि अनंत.

रविवारी चर्चमध्ये हा शब्द गोड लागतो.
इथे अर्थ एवढाच, की तार तुटली.

केसाहून बारीक तार, आठ हजार वेढे,
कारखान्यात कुणा बाईने चिमटीत धरून भरलेले.
तळाशी पेन्सिलीने तिचं आद्याक्षर,
निम्मं पुसलेलं.

"चुंबक ढकलायचा नाही," एल्मीर मला बजावते.
"पहिला वेढा त्याला चिकटलेला असतो.
तो गंजतो, तांबं कळकतं,
मध्ये लाखेचा नुसता एक हात.
आत तुटली असेल तर सगळं उलगडा.
बाहेर असेल तर देव पावला."

भिंगाखाली हिरवा ठिपका दिसला, खसखशीएवढा.
अगदी बाहेरच्या थरात,
तळहात टेकायचा तिथे.

"घाम फार यायचा त्याला," क्लोव्हिस म्हणाला.
"डिसेंबरातसुद्धा."

मी मोजत उलगडत गेलो.
सातव्या वेढ्याला माझ्या श्वासाने तार हलली,
एल्मीरने न बोलता पंखा बंद केला.
अकरा.
मग डाख, टाचणीच्या टोकाएवढा.
मीटर: पाच हजार नऊशे नव्वद. स्थिर.

मग पातळ मेण. पासष्ट अंश, वर नाही,
नाहीतर कॉइलचा सांगाडाच वाकतो.
बुडबुडे यायचे थांबेपर्यंत पिकअप बुडवून ठेवायचा.
सावकाश वर येत होती
ती हवा त्या कारखान्यातली.

"अजून किती वर्षं चालेल?"
"वाजवून झाली की पूस. पेटीत ओल शोषणाऱ्या पुड्या टाक.
पुढचं मला काय माहीत?"

त्याने दारातच वाजवून पाहिली.
मला फरक कळला नाही.
एका सुरावर तो अडला,
पुन्हा तोच वाजवला,
पुन्हा तोच.

एल्मीरने बिल लिहिलं, चाळीस डॉलर.
कमी झालेल्या वेढ्यांचं त्यात काही नव्हतं.
ते माझ्या बाहीला चिकटून घरी आले.